शेजाऱ्यांनी मिळून घरातल्या जुन्या सामानाची विक्री कशी भरवावी

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून काय काय खाली येतं! मुलगा पुण्याला गेला तेव्हापासून पडून असलेली सायकल, दोनदा वापरलेलं मिक्सर, लग्नातल्या आहेराचे न उघडलेले डबे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून आलेल्या स्टीलच्या वाट्यांचा तर वेगळाच ढीग असतो. आठ दिवस हे सगळं पोर्चमध्ये राहतं. मग काही पुन्हा माळ्यावर चढतं आणि काही किलोच्या भावाने कबाडीवाल्याकडे जातं. चालणारी वस्तू भंगारात गेलेली पाहवत नाही, पण ती विकणार कुठे?

एकट्याने गेटसमोर टेबल मांडून बसायला आपल्याकडे मन धजत नाही. पैशाची अडचण आली की काय, असं लोक म्हणतील, ही धास्ती असते. गल्लीतली आठ-दहा घरं एकाच दिवशी बसली तर हा प्रश्नच उरत नाही, आणि गिऱ्हाइकालाही एवढ्या लांब येण्यात अर्थ वाटतो. आमच्या नागपुरात दोन जुन्या खुर्च्यांसाठी कोणी मानेवाड्याहून प्रतापनगरला येणार नाही. दहा घरांचं सामान असेल तर येईल. म्हणून विक्री शेजाऱ्यांनी मिळूनच भरवावी.

माणसं जमवणे

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर सगळे अंगठा दाखवतात आणि त्या दिवशी तिघंच येतात. त्यापेक्षा संध्याकाळी प्रत्येकाच्या घरी जा. गल्लीत सगळे ज्यांचा शब्द मानतात अशा काकूंना किंवा निवृत्त काकांना आधी सोबत घ्या. त्यांनी होकार दिला की बाकीच्यांचा संकोच आपोआप कमी होतो. पहिल्या वेळी सहा ते दहा घरं पुरेत. वीस घरं झाली की आपसातला ताळमेळ बसवण्यातच जीव जातो.

मग कोणाकडे तरी चहाला जमा आणि तारीख, जागा, पैशाची पद्धत आणि उरलेल्या सामानाचं काय करायचं, एवढं ठरवून उठा. चौथ्या मुद्द्यावर पहिल्या बैठकीत कोणी बोलत नाही आणि शेवटी भांडण त्यावरूनच होतं. त्यामुळे तो वहीत लिहूनच ठेवा.

जागा

लेआउटमध्ये स्वतंत्र घरं असतील तर प्रत्येकाने आपापल्या पोर्चमध्ये, कंपाउंडच्या आत सामान मांडावं. रस्त्यावर टेबलं आली की रहदारी अडते आणि मनपाच्या अतिक्रमण विभागाला येण्याचं निमित्त मिळतं. लेआउटमधलं मोकळं मैदान हवं असेल तर ते नागपूर सुधार प्रन्यासचं की मनपाचं हे पाहा आणि लेखी परवानगी घ्या. मनपाची जागा असेल तर आपल्या भागाच्या झोन कार्यालयात अर्ज द्यावा लागेल. एवढी धावपळ नको असेल तर पोर्चच बरा.

फ्लॅट स्कीममध्ये खालचं पार्किंग ही उत्तम जागा. सावली असते, लाइट असतो, पाऊस आला तरी सामान भिजत नाही. तिथे सोसायटीच्या सचिवांकडून लेखी होकार घ्या आणि गाड्या त्या सकाळी कुठे लावायच्या हे आदल्या दिवशीच सगळ्यांना कळवा. बाहेरची माणसं लिफ्टने वर जाणार नाहीत याकडे एकाने लक्ष ठेवावं. काही घरांना भीती याचीच असते, आणि ती रास्त आहे.

तारीख

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि जूनच्या मध्यानंतर पाऊस, त्यामुळे उघड्यावर विक्री करायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. दिवाळीनंतरचा दुसरा-तिसरा रविवार मला सगळ्यात सोयीचा वाटतो. सामान आधीच माळ्यावरून उतरलेलं असतं, सकाळची हवा सुखाची असते आणि लोक घरीच असतात. वेळ सकाळी आठ ते एक. दुपारनंतर गिऱ्हाईक येत नाही, विकणारेही कंटाळतात.

विक्रीत मुख्यतः कूलर असतील तर फेब्रुवारीचा शेवट धरा. मार्चमध्ये ऊन तापलं की नागपुरात ज्याला त्याला कूलर हवा असतो. शाळेच्या पुस्तकांसाठी मार्चअखेर बरी, कारण सीबीएसईचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं. राज्य मंडळाच्या शाळा मात्र विदर्भात जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे त्यांची दप्तरं, रेनकोट आणि सायकली जूनमध्येही जातात. आणखी एक गिऱ्हाईक विसरू नका: कॉलेजची मुलं. बजाजनगर, प्रतापनगर, नंदनवन या भागांत खोल्या घेऊन राहणाऱ्यांना जुलै-ऑगस्टमध्ये टेबल, गादी, बादली, टेबल फॅन सगळंच लागतं. पार्किंग झाकलेलं असेल तर पावसाळ्यातही त्यांच्यासाठी विक्री भरवता येते.

सामान निवडणे

इथे घाई करू नका. काय विकायचं हे घरातल्या सगळ्यांना विचारून ठरवा, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना. आपल्या घरांत भांड्यांवर नावं कोरलेली असतात. कोणाच्या लग्नात, कोणाच्या बारशात आलेलं भांडं, सगळं त्यावर लिहिलेलं. सुनेला जो अडगळीतला पितळी डबा वाटतो तो सासूबाईंच्या आईने दिलेला असू शकतो. आजी-आजोबांनी ‘राहू दे’ म्हटलं की ती वस्तू राहू द्यावी, तिथे वाद नको. एकदा विकलेलं परत मागायला जाता येत नाही.

तांब्या-पितळेची भांडी विकायची झालीच तर आधी इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात मोडीचा भाव विचारून या. वजनदार पातेलं मोडीतसुद्धा बरे पैसे देतं. अंदाजाने शंभर रुपयांची चिठ्ठी लावली तर पहिला येणारा कबाडीवालाच ते उचलेल.

लाकडी सामानाचंही तसंच. विदर्भातल्या जुन्या घरांमध्ये आलापल्ली-बल्लारशाच्या बाजूच्या सागवानाची कपाटं, पाट, खुर्च्या निघतात. वरून रंग उडालेला असतो, पण आतलं लाकूड आजच्या प्लायवूडपेक्षा कितीतरी टिकाऊ असतं. ओळखीच्या सुताराला दाखवा. तो पाय ठोकून देईल आणि वाळवी आहे की नाही हेही सांगेल. वाळवी लागलेली वस्तू विक्रीत आणूच नका, ती दुसऱ्याच्या घरात जाऊन पसरते. गाद्या-उशा दोन दिवस कडक उन्हात ठेवा आणि शिवणींमध्ये ढेकूण बघून घ्या.

आता कूलर. इथल्या प्रत्येक घरात एखादा पत्र्याचा कूलर पडलेला असतो आणि विक्रीत सगळ्यात लवकर तोच जातो. पण दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हा हे काम हलक्यात घेऊ नका. विकण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवून पंप, मोटर आणि वायर तपासून घ्या. तीन पिनांचाच प्लग असावा आणि अर्थिंगची तार बॉडीला नीट जोडलेली असावी. जोड दिलेली, टेप गुंडाळलेली वायर बदला. टाकीला गंजाने भोक पडलं असेल तर तसं चिठ्ठीवर लिहा. घेणाऱ्यालाही स्पष्ट सांगा: ज्या बोर्डला अर्थिंग नाही तिथे लावू नका, आणि पाणी भरताना किंवा हात लावताना आधी प्लग काढा. ज्या कूलरची खात्री वाटत नाही तो भंगारात द्या. पाचशे रुपयांसाठी कोणाचा जीव धोक्यात घालू नये.

कपाटं, पर्स, जुन्या बॅगा रिकाम्या करताना प्रत्येक कप्पा हाताने चाचपून बघा. पुस्तकांची पानं उलटून बघा, त्यात पावत्या, फोटो, नोटा ठेवायची आपल्याकडे सवय आहे. मोबाइल विकायचा तर सिम आणि मेमरी कार्ड काढा, त्यातल्या खात्यांतून लॉगआउट करा आणि फॅक्टरी रिसेट करा.

काही वस्तू मांडायच्याच नाहीत. उरलेली औषधं, अपघातातून निघालेलं हेल्मेट, बाळाच्या दुधाच्या बाटल्या, फुगलेल्या बॅटऱ्या, गॅसचा सिलिंडर. सिलिंडर तुमचा नसतो, कंपनीचा असतो. कनेक्शन नको असेल तर तो एजन्सीत जमा करून डिपॉझिट परत घ्या. महाल भागातल्या किंवा इतर जुन्या वस्त्यांतल्या वाड्यांमध्ये शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती किंवा पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितं निघतात. त्यांना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागू होऊ शकतो, तेव्हा ती टेबलावर ठेवण्याआधी मध्यवर्ती संग्रहालयात किंवा पुरातत्त्व विभागात विचारा.

आणि घरकामाला येणाऱ्या ताईंना जे देणार होतात ते त्यांनाच द्या. विक्री आहे म्हणून त्यांच्या वाट्याचं टेबलावर मांडू नका.

किंमत

खालची मर्यादा कबाडीवाल्याचा भाव, वरची मर्यादा नव्याच्या निम्मी. चांगल्या चालू वस्तूला नव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भाव लावला तर ती बहुधा जाते. पेटीबंद भांड्यांना निम्मा भाव मिळू शकतो. पुस्तकांना एकेक किंमत लावत बसू नका. दहा, वीस आणि पन्नास रुपयांची तीन खोकी करा, मुलं स्वतःच चाळून घेतात.

दहा घरांत एकाच प्रकारच्या वस्तूचे भाव फार वेगळे असले तर शेजाऱ्यांतच कुजबुज सुरू होते. म्हणून शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकांचं सामान फिरून बघावं आणि भाव जुळवून घ्यावेत. त्याच वेळी शेजाऱ्यांना आपसात खरेदी करू द्या, पण चिठ्ठीवरच्या भावानेच. बरंच सामान त्या संध्याकाळीच गल्लीतल्या गल्लीत फिरतं आणि ते चांगलंच आहे.

घासाघीस होणारच. प्रत्येकाने आपली कमीत कमी किंमत मनाशी ठरवून ठेवावी. अकरापर्यंत थोडं ताणून धरा, नंतर सोडा. आणि शेजारचा भाव करत असताना मध्ये बोलू नये, हे आधीच सगळ्यांना प्रेमाने सांगून ठेवा.

पैसे आणि हिशेब

स्वतंत्र घरं असतील तर ज्याचा त्याचा गल्ला, ज्याचा त्याचा क्यूआर कोड. पार्किंगमध्ये एकत्र मांडणार असाल तर एकच काउंटर ठेवा आणि दोन भागांच्या चिठ्ठ्या करा. दोन्ही भागांवर फ्लॅट नंबर आणि किंमत. वस्तू विकली की एक भाग फाडून, भाव कमी झाला असेल तर खरी रक्कम त्यावर लिहून, त्या फ्लॅटच्या डब्यात टाकायचा. संध्याकाळी डबा उघडला की हिशेब तयार. काउंटरवर दोन माणसं असावीत, एक पैसे घेणारा आणि एक वहीत लिहिणारा. रोख आणि ऑनलाइन असे दोन रकाने वेगळे पाडा.

ऑनलाइन पैसे आले हे समोरच्याच्या मोबाइलवर बघू नका, खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे भेटतात. आपल्या फोनवर मेसेज आला किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसली तरच वस्तू द्या. दहा-वीसच्या नोटा आणि चिल्लर आदल्या दिवशीच जमवा, रविवारी सकाळी ती कुठे मिळत नाही.

बातमी पसरवणे

विजेच्या खांबांवर, झाडांवर कागद चिकटवू नका. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो आणि गल्लीही घाण होते. पेपर टाकणाऱ्या दादांना विनंती करून आसपासच्या पाचशे घरांत पत्रकं घाला. मेसमध्ये, वाचनालयात, किराणा दुकानात विचारून एकेक कागद लावा. पत्रकावर ‘जुनं सामान’ एवढंच लिहून भागत नाही. ‘सागवानी कपाट, चार कूलर, लहान मुलांच्या सायकली, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं’ असं लिहिलं की माणूस वाट वाकडी करून येतो. लाउडस्पीकर नकोच, त्याला वेगळी परवानगी लागते आणि रविवारी सकाळी शेजारची गल्ली नाराज होते.

विक्रीचा दिवस

सात वाजता मांडायला घ्या. जड सामान मागे, लहान मुलांचं खालच्या उंचीवर, काचेचं आत. विजेच्या वस्तूंजवळ एक एक्स्टेन्शन बोर्ड ठेवून प्रत्येक वस्तू चालवून दाखवा. न चालणारी असेल तर चिठ्ठीवर ‘बंद आहे’ असं मोठ्या अक्षरात लिहा. तीही विकली जाते, मिस्त्री लोक सुट्या भागांसाठी घेतात. पहिल्या अर्ध्या तासात जुन्या बाजारातले व्यापारी येतील आणि सगळं एकगठ्ठा मागतील. त्यांना नम्रपणे बारा वाजता या म्हणावं.

गल्लीतल्या मुलांना एक टेबल द्या, कॉमिक्स, क्रिकेटच्या बॅटी आणि खेळणी तीच विकतील. आजोबा मंडळींना खुर्च्या टाकून बसवा, प्रत्येक वस्तूची माहिती त्यांना असते आणि गिऱ्हाइकाला ती ऐकायला आवडतं. एका घराने सगळ्यांसाठी तर्री-पोह्याचा घाट घातला तर कोणी जेवायला घरी पळत नाही. त्याचा खर्च सगळ्यांत वाटून घ्या.

उरलेलं सामान

साडेबाराला भाव निम्मे करा, एक वाजता थांबा. कबाडीवाल्याला आधीच सांगून दोन वाजता बोलावलेलं असावं. कपडे धुऊन, इस्त्री करून, ज्या संस्थेला हवे आहेत तिथेच द्या, आणि द्यायच्या आधी फोन करून विचारा. बिघडलेले फोन, चार्जर, टीव्ही कचरागाडीत टाकू नका, ते भांडेवाडीच्या कचरा डेपोत जायला नकोत. ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पाठवा. कोणाचं सामान उरलं असेल तर ते त्याने त्याच दिवशी घरात न्यावं, पार्किंगमध्ये ‘उद्या बघू’ म्हणून ठेवू देऊ नका.

संध्याकाळी सहाला वही उघडा, पत्रकांचा आणि पोह्यांचा खर्च सगळ्यांसमोर वजा करा आणि ज्याचे त्याचे पैसे त्याच वेळी हातात द्या. कोणत्या वस्तू लोकांनी मागितल्या आणि आपल्याकडे नव्हत्या, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी पत्रक तिथूनच लिहायला घेता येईल.