सोलापुरात घर तपासून घेताय? या चुका टाळा

जुळे सोलापूर असो की होटगी रोड, घर पसंत पडलं की आपल्याकडे आधी इसार दिला जातो आणि मग कुणीतरी म्हणतं, "एकदा इंजिनिअरला दाखवून घेऊ." इथेच पहिली चूक होते. पैसे अडकल्यावर हातात आलेल्या अहवालाच्या जोरावर भाव करता येत नाही. इसार आधी द्यावाच लागला, तर मोठा दोष निघाल्यास रक्कम परत मिळेल, हे पावतीत लिहून घ्या.

दुसरी चूक माणूस निवडताना होते. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असतो तसा घर तपासनीसाचा परवाना आपल्याकडे नाही. त्यामुळे एजंटच्या ओळखीचा माणूस किंवा 'फुकट तपासून देतो' म्हणणारा वॉटरप्रूफिंगवाला हेच तपासनीस होऊन बसतात. दोष सापडण्यात किंवा न सापडण्यात ज्याचा फायदा आहे, त्याला बोलावूच नका. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही १९७६ मध्ये सुरू झालेली संस्था. तपासलेल्या घराचं दुरुस्तीकाम पुढे वर्षभर पैसे घेऊन करायचं नाही, असं तिची आचारसंहिता सांगते. आपल्याकडे हीच अट आपण स्वतः घालावी. आणि कशाच्या आधारे तपासणार, हेही विचारा: नॅशनल बिल्डिंग कोड २०१६, आणि आयएस म्हणजे भारतीय मानकं: काँक्रीटसाठी आयएस ४५६, वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३. ही नावं ज्याला ठाऊकच नाहीत, त्याला फी कशाची द्यायची?

आता सोलापूरची खरी दुखरी बाजू, काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पाया मुरमापर्यंत किंवा कठीण थरापर्यंत नेलेला नसेल, तर घर तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर चढलेला, एका टोकाला रुंद असलेला तडा हे त्याचं लक्षण. प्लॅस्टरवरच्या जाळीसारख्या बारीक भेगांना घाबरू नका, पण तिरक्या तड्यात पुट्टी भरून फक्त तेवढीच भिंत रंगवलेली दिसली, तर कारण विचाराच. तडा जिवंत आहे का, हे बघायला त्यावर आडवी काचेची पट्टी पक्की चिकटवून काही महिने ठेवतात. भिंत हलली की काच तडकते. कॉलमच्या कडेने उभी भेग आणि गंजाचा डाग दिसला, तर मात्र वाट बघू नका. गंजलेली सळई फुगून काँक्रीट बाहेर ढकलत असते.

याच मातीत आपले हौद. उजनीचं पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी जमिनीत हौद असतो आणि तो बऱ्याचदा पायाला लागूनच. तो गळत असेल, तर एकाच बाजूची माती ओली होऊन फुगते आणि तडे भलतीकडेच दिसतात. तरी हौद तपासायचं बहुतेकांना सुचत नाही. रात्री हौद भरा, सगळे व्हॉल्व्ह बंद करा, पातळीची खूण करा, सकाळी बघा.

मे महिन्यात घर बघून "ओल नाही" म्हणणं हीसुद्धा चूकच. आपल्या उन्हात ओल वाळून जाते. थर्मल कॅमेऱ्यालाही पाणी दिसत नाही, तो पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. कोरड्या भिंतीवर तो काय सांगणार? गच्चीवर २४ तास पाणी साठवून खालून स्लॅब बघायचा आग्रह धरा.

विजेचं काम सोपं आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का आणि टेस्ट बटण दाबल्यावर पडतो का, बघा. अर्थिंग मोजून घ्या.

अहवाल वाचताना "काय तपासलं नाही" हे पान आधी वाचा. साधी तपासणी डोळ्यांनी, तोडफोड न करता होते. काँक्रीट न फोडता त्याचा दर्जा आजमावणारी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक चाचणी त्यात धरलेली नसते. ती स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वेगळी करून घ्यावी लागते. जुन्या सोसायटीत फ्लॅट घेताय, तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. सेक्रेटरींकडे शेवटचा अहवाल मागा. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेतला असेल, तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष त्याने ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तक्रार तोंडी नको. फोटो आणि तपासनीसाचा अहवाल जोडून लेखी द्या आणि पोच घ्या.