विमानांचा रेडिओ ऐकायचाय? आधी एटिस लावा

अमेरिकेत विमानांचा रेडिओ ऐकायला परवाना लागत नाही. न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडच्या आपल्या मंडळींनी स्कॅनर (हा रेडिओ ऐकायचा रिसीव्हर) घेतला की थेट टॉवर, म्हणजे विमानतळाचा नियंत्रण कक्ष, लावू नये, सगळं डोक्यावरून जातं. आधी एटिस लावा. ही विमानतळाची रेकॉर्ड केलेली माहिती रेडिओवर सतत फिरत असते: वारा, हवेचा दाब, कोणत्या धावपट्ट्या चालू आहेत. प्रत्येक नव्या आवृत्तीला एक अक्षर असतं, म्हणून पायलट सांगतो, ‘इन्फर्मेशन किलो’, म्हणजे ‘के’ अक्षराची आवृत्ती ऐकली. एवढं कानात बसलं की न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचा टॉवर लावा, ११९.१ मेगाहर्ट्झ. ‘क्लीअर्ड टू लँड, थ्री वन राइट’ ऐकताच विमान कोणत्या धावपट्टीवर (इथे ३१ उजवी) उतरणार ते कळतं. फार मजा येते!

रेडिओवरची नावं-उच्चारही वेगळे: ‘स्पीडबर्ड’ म्हणजे ब्रिटिश एअरवेज, नऊचा उच्चार ‘नायनर’.

रिसीव्हर एएमवर हवा, एफएमवर नाही. अँटेना साधारण ६० सेंटिमीटर. लांबून फक्त पायलटच ऐकू येत असेल तर सेट बिघडलेला नाही. विमान उंचावर असतं, टॉवर मात्र इमारतींआड जातो.

भारतात मात्र रिसीव्हर घेण्याआधी परवान्याचे नियम नक्की बघा.