शॉर्टकट फाइल उघडण्याआधी कशी तपासावी
रत्नागिरी किंवा मालवणच्या बाजारात सातबारा छापून आणल्यावर पेन ड्राइव्हमध्ये आपल्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले, तर ते व्हायरसचे असू शकतात; त्यांवर क्लिक न करता तो पेन ड्राइव्ह लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी कार्यप्रणाली) असलेल्या संगणकाला जोडावा. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ‘लिबएलएनके-युटिल्स’ (liblnk-utils) हे पॅकेज बसवले की ‘एलएनकेइन्फो’ (lnkinfo) ही आज्ञा मिळते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, तिच्यापुढे फाइलचे नाव द्यावे आणि नावात मोकळी जागा असल्यास ते अवतरणचिन्हांत घालावे. ही आज्ञा शॉर्टकट चालवत नाही, केवळ वाचते, म्हणूनच मी तिच्यावर विसंबतो.

उत्तरात मूळ फाइलचा मार्ग, तिच्या निर्मितीची व बदलाची वेळ, ड्राइव्हचा अनुक्रमांक आणि पुष्कळदा मूळ संगणकाचे नावही येते. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दिसल्यास भारतीय वेळेसाठी तीत साडेपाच तास मिळवावेत. मात्र सर्वांत आधी कमांड लाइन आर्ग्युमेंट्सची, म्हणजे शॉर्टकट प्रोग्रामला देत असलेल्या सूचनांची, ओळ पाहावी: ‘आंबा हिशेब’ नावाचा शॉर्टकट ‘सीएमडी’ (cmd) किंवा ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ (wscript) या आज्ञा व स्क्रिप्ट चालवणाऱ्या विंडोजमधल्या प्रोग्रामांना बोलावत असेल, तर तो व्हायरसचाच असल्याचे धरून चालावे. खरे फोल्डर बहुधा विंडोजपुरतेच लपवलेले असतात; लिनक्सवर ते सहसा तिथेच दिसतात, म्हणून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करण्यापूर्वी त्यांची प्रत काढून घ्यावी.