ॲन कोट्स यांच्याविषयी लिहिताय? या चुका टाळा

ब्रिटिश चित्रपट-संकलिका ॲन व्ही. कोट्स यांच्यावरचे बहुतेक लेख एका काडीने पेटतात आणि त्याच काडीवर विझतात. लॉरेन्स पेटती काडी फुंकतो आणि पडद्यावर वाळवंटातली पहाट येते. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'तला (१९६२) हा कट, म्हणजे दोन दृश्यांचा हा थेट जोड, मोठाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण कोट्स चाळीसच्या दशकात कटिंग रूममध्ये शिरल्या आणि २०१५ सालीही त्यांचं नाव श्रेयनामावलीत होतं. एवढं काम एका जोडावर टांगून ठेवलं की त्या नेमकं काय करत होत्या, हे वाचणाऱ्याला कळतच नाही. फिल्म क्लबसाठी टिपण, मासिकासाठी लेख किंवा विकिपीडियावरची नोंद लिहिणाऱ्यांच्या हातून ज्या चुका वारंवार होतात, त्या इथे मांडतो.

काडीचा कट 'त्यांना सुचला' असं लिहू नका

तो कुणा एकाला सुचला, असं लिहिणं चूकच. पटकथेत त्या जागी डिझॉल्व्ह होता, म्हणजे काडीचं दृश्य हळूहळू विरत जाऊन वाळवंट उमटणार होतं. त्या काळी डिझॉल्व्ह संकलकाच्या टेबलावर होत नसे, तो पुढे लॅबमध्ये तयार होई. तोवर संकलक दोन तुकडे एकमेकांना थेट जोडून ठेवत आणि जिथे डिझॉल्व्ह हवा तिथे फिल्मवर ग्रीस पेन्सिलने खूण करत. त्यामुळे कच्चं संकलन पडद्यावर पाहताना कोट्स आणि दिग्दर्शक डेव्हिड लीन यांना काडी आणि वाळवंट एकमेकांना सरळ भिडलेले दिसले. दोघांनाही ते भावलं.

पण ते भावण्यामागे तयारी होती. फ्रान्सच्या नव्या दिग्दर्शकांचे सिनेमे कोट्स आवडीने पाहत होत्या आणि शाब्रोलचं काम बघा, असं त्यांनी लीन यांनाही सुचवलं होतं. तिथले बेधडक थेट कट लीन यांना आवडले होते. म्हणून योगायोग समोर आला तेव्हा त्याला ओळखणारी नजर दोघांकडेही होती. हे जवळजवळ जमलंय, घेऊन जा आणि पक्कं करून आण, अशा अर्थाचं लीन म्हणाले. कोट्स यांनी दोनेक फ्रेम काढल्या. सेकंदाला २४ फ्रेम धावतात, म्हणजे दोन फ्रेम हा सेकंदाचा बारावा भाग झाला.

लेखात हे तिन्ही टप्पे यायला हवेत: लॅबच्या पद्धतीमुळे दिसलेली शक्यता, ती ओळखणारे दोघे, आणि शेवटी सेकंदाच्या बाराव्या भागाचा निर्णय. पुढे कोट्स स्वतःच सांगत, की तोच सिनेमा संगणकावर संकलित होत असता तर डिझॉल्व्ह तिथल्या तिथे टाकला गेला असता आणि तो कट कुणी पाहिलाच नसता. मला या सगळ्या गोष्टीतली ही सर्वांत मोलाची बाब वाटते. 'प्रतिभेची ठिणगी' वगैरे शब्दांपेक्षा ती कितीतरी जास्त सांगून जाते.

'खरं संकलन लीन यांनीच केलं'

हा दुसऱ्या टोकाचा घोटाळा. त्याला वरवरचा आधार आहे, कारण लीन मुळात संकलक. 'पिग्मॅलियन' (१९३८) आणि '४९थ पॅरलल' (१९४१) त्यांनीच संकलित केले होते. असा माणूस दिग्दर्शक असला की संकलकाने नुसती कात्री चालवली असणार, असं लिहिणाऱ्याला वाटतं.

मग कोट्स यांना ते काम मिळालं कसं, ते पाहा. लॉरेन्सच्या भूमिकेसाठी आधी आल्बर्ट फिनी यांची स्क्रीन टेस्ट झाली होती. ती जोडायला माणूस हवा होता, आणि कोट्स यांनी ते काम अंगावर घेतलं. तोवर त्यांच्या नावावर दहाएक वर्षांचं स्वतंत्र संकलन होतं, तरीही लीन यांच्यासारख्या माणसापुढे आपला तुकडा ठेवायचा म्हणजे धास्ती होतीच. पाहून झाल्यावर लीन म्हणाले, की मी जसा कापला असता तसाच दुसऱ्या कुणी कापलेला तुकडा मी पहिल्यांदा पाहतोय. फिनी यांनी भूमिका सोडली. कोट्स मात्र त्या सिनेमाच्या संकलिका झाल्या.

दोघांच्या नात्याबद्दल कोट्स मोकळेपणाने बोलत. आपल्या निर्णयावर ठाम राहायला आणि शॉट जास्तच लांबतोय असं वाटलं तरी तो धरून ठेवायला लीन यांनी शिकवलं, हे त्या सांगत. याचं उदाहरण म्हणजे विहिरीचा प्रसंग. क्षितिजावर एक काळा ठिपका थरथरतो, वाढत जातो, आणि त्यातून ओमर शरीफ उंटावर बसलेले प्रकट होतात. आज तो प्रसंग लांबलचक वाटतो, पण आधी तो याहून लांब होता. तो आखूड केल्याची हळहळ लीन यांना नंतरही वाटत राहिली. संकलनाबद्दल लिहायचं असेल तर काडीइतकीच जागा या विहिरीला द्या. कापायचं कधी हे बहुतेकांना येतं, कधी कापायचं नाही ते फार थोड्यांना.

कोणती प्रत पाहिली, ते तपासलं का?

इथे अभ्यास करणारेही घसरतात. १० डिसेंबर १९६२ रोजी लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या ओडियन थिएटरात सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा तो २२२ मिनिटांचा होता. थोड्याच दिवसांत त्यातली सुमारे २० मिनिटं गेली, आणि पुढे आणखी कात्री लागून १८७ मिनिटांची प्रत फिरू लागली. १९८९ मध्ये रॉबर्ट हॅरिस यांच्या पुढाकाराने सिनेमा पुन्हा उभा केला गेला. त्यात लीन आणि कोट्स या दोघांचाही हात होता, आणि लीन यांनी त्या वेळी काही जागा नव्याने आखूड केल्या.

म्हणून 'मध्यंतरानंतर लय तुटते', 'अमुक पात्र अचानक गायब होतं' असा दोष संकलिकेच्या माथी मारण्याआधी हातातली प्रत किती मिनिटांची आहे ते बघा. जुन्या टीव्ही प्रतीवरून किंवा यूट्यूबवरच्या तुकड्यांवरून काढलेला निष्कर्ष लिहू नका.

'पुरुषांच्या जगातली एकटी स्त्री'

वाक्य कानाला छान लागतं, पण ते खोटं आहे, आणि त्याने इतर बायकांवर अन्याय होतो. ब्रिटिश सिनेमात त्या काळी संकलनात स्त्रिया होत्या. १९४२ च्या 'इन विच वी सर्व्ह'चं संकलन थेल्मा मायर्स यांचं. लॉरेन्स ऑलिव्हिए यांचे 'हॅम्लेट' (१९४८) आणि 'रिचर्ड द थर्ड' (१९५५) हेल्गा क्रॅन्स्टन यांनी संकलित केले. 'पीपिंग टॉम' (१९६०) नोरीन ॲकलंड यांनी.

थेल्मा मायर्स यांचा पुढचा प्रवास शोधायला गेलात तर त्या मध्येच नाहीशा झाल्यासारख्या वाटतील. तसं झालेलं नाही. त्याच पुढे थेल्मा कॉनेल या नावाने काम करत होत्या, आणि १९६६ चा 'आल्फी' त्यांचाच. बायकांच्या कारकिर्दीत अशी नावं बदलतात. एखादी यादी अचानक थांबली तर 'लग्नानंतर काम सोडलं' असं गृहीत धरू नका, आधी दुसरं नाव शोधा.

'लॉरेन्स'बद्दल तर आणखी एक गोष्ट हटकून लिहावी. त्या सिनेमात बोलणारं एकही स्त्रीपात्र नाही. पडद्यामागे मात्र संकलन कोट्स यांचं, पोशाख फिलिस डाल्टन यांचे आणि कंटिन्युइटी (शॉट एकमेकांशी जुळतात का, यावर नजर ठेवण्याचं काम) बार्बरा कोल यांची.

मामा मोठे होते, म्हणून...

कोट्स या जे. आर्थर रँक यांची भाची. रँक म्हणजे पाइनवूड स्टुडिओसह ब्रिटिश सिनेमाचा मोठा हिस्सा ज्यांच्या ताब्यात होता ते गृहस्थ. 'वशिल्याने आल्या' किंवा 'घराण्याशी काही संबंध नव्हता', ही दोन्ही वाक्यं टाळा. रँक कट्टर मेथडिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे, होते. भाचीला सिनेमाच्या झगमगाटाचं वेड लागलंय असं समजून त्यांनी तिला धार्मिक चित्रपटांच्या विभागात पाठवलं, तिथे वेड ओसरेल या आशेने. तिथे चर्चमध्ये दाखवायच्या प्रिंट दुरुस्त करणं, पाठवणं अशी कामं होती. कोट्स तिथेच फिल्म हाताळायला शिकल्या. त्याआधी त्यांनी ईस्ट ग्रिन्स्टेडच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केलं होतं. युद्धात भाजलेल्या वैमानिकांवर सर आर्चिबाल्ड मॅकिंडो जिथे प्लास्टिक सर्जरी करत, तेच हे रुग्णालय. ओळखीमुळे दार उघडलं, हे लिहा. आत गेल्यावर काय वाट्याला आलं, तेही लिहा.

मूळ इच्छा दिग्दर्शनाची होती. पण त्या काळी स्टुडिओत बाईला मिळू शकणारी कामं मोजकीच होती: केशभूषा, कपडेपट, कंटिन्युइटी, टायपिंग, संकलन. त्यांतलं त्यांना सर्वांत रस वाटलेलं काम म्हणजे संकलन.

'नाजूक बोटांचं, शिवणकामासारखं काम'

हे रूपक मला मनापासून खटकतं. २२२ मिनिटांचा सिनेमा ३५ मिमी फिल्मवर मोजला तर सुमारे २०,००० फूट होतो, कारण मिनिटाला ९० फूट जातात. ही झाली फक्त शेवटी उरलेली फिल्म. चित्रित झालेली याच्या अनेक पट असते, आणि तिचा प्रत्येक तुकडा क्रमांक घालून, डब्यात लावून, मागितल्याबरोबर हातात द्यावा लागतो. ते काम सहायकांचं. १९४८ च्या 'द रेड शूज'वर रेजिनाल्ड मिल्स यांच्या हाताखाली कोट्स हेच करत होत्या. त्यांचं स्वतंत्र श्रेय १९५२ च्या 'द पिकविक पेपर्स'पासून सुरू होतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची सवय असलेल्या आपल्या वाचकाला हे समजावून सांगा, की त्या कुठल्याही फिल्म स्कूलमध्ये शिकलेल्या नाहीत. त्यांचं शिक्षण याच खोलीत झालं.

सिमेंटच्या, म्हणजे फिल्म चिकटवायच्या सोल्यूशनच्या, जोडाबद्दलही लिहा. फिल्म त्याने चिकटवायची तर कडा एकमेकींवर याव्या लागत, त्यामुळे जोड उकलून पुन्हा लावताना फ्रेम हातची जाई आणि तिच्या जागी काळी फ्रेम घालून भागवावं लागे. चूक परत फिरवण्याची किंमत अशी मोजावी लागत असल्याने कापण्याआधी संकलक मनात पुष्कळ काही ठरवून टाकत. कोट्स यांचा ठामपणा यातूनही घडलेला आहे.

तारखांचं थोडक्यात. 'लॉरेन्स' १९६२ चा, त्यासाठी कोट्स यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं ते एप्रिल १९६३ च्या सोहळ्यात. 'बेकेट', 'द एलिफंट मॅन', 'इन द लाइन ऑफ फायर' आणि 'आउट ऑफ साइट' यांना नामांकनं होती, विजय नव्हता. मानद ऑस्कर नोव्हेंबर २०१६ मध्ये मिळालं. बाफ्टाची (ब्रिटिश चित्रपट अकादमीची) फेलोशिप २००७ ची. जन्म १२ डिसेंबर १९२५, रायगेट, सरे. निधन ८ मे २०१८.

१९६२ वर लेख संपवू नका

ही सर्वांत मोठी चूक, म्हणून शेवटी ठेवली. १९५८ चा 'द हॉर्सेस माउथ', १९६० चा 'ट्यून्स ऑफ ग्लोरी', १९७४ चा 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' हे सगळं बाजूला ठेवलं तरी 'द एलिफंट मॅन' (१९८०) सोडता येणार नाही. तिथे नायक मेरिकचा विद्रूप चेहरा आपल्यापासून बराच वेळ लपवून ठेवला आहे, आणि आधी दिसतात ते त्याला पाहणारे चेहरे. हा निर्णय एकट्या संकलिकेचा नाही, पण कुठे किती थांबायचं ही मोजणी संकलनातली आहे.

आणि मग 'आउट ऑफ साइट' (१९९८). हॉटेलच्या बारमध्ये जॉर्ज क्लूनी आणि जेनिफर लोपेझ बोलत बसलेत. बोलणं चालू असतानाच चित्र पुढे सरकतं, खोलीतले दोघे दिसतात, पुन्हा बार, पुन्हा खोली, आणि मधे मधे फ्रेम क्षणभर गोठते. आवाज एका वेळेतला, चित्र दुसऱ्या वेळेतलं. हे कापताना कोट्स सत्तरी ओलांडलेल्या होत्या. लिहायला बसण्याआधी हा प्रसंग आणि विहिरीचा प्रसंग एकापाठोपाठ पाहा, दोन्हींतले कट मोजा, आणि प्रत्येक शॉट किती सेकंद टिकतो ते कागदावर उतरवून काढा.