गोव्यातल्या घरापुढच्या लॉनमधले नको असलेले गवत कसे काढावे

घरापुढे हौसेने लॉन लावावी आणि दोन पावसाळ्यांत लावलेले गवत सोडून बाकी सगळे उगवावे, हे पेडणे-सत्तरीकडच्या घरांना नवीन नाही. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या चार महिन्यांत खुरपे घेऊन कितीही बसा, गवत पुढेच राहते. म्हणून जड काम एप्रिल-मेमध्ये उरकायचे आणि पावसात नुसती राखण करायची.

आधी गवत ओळखा

काडी दोन बोटांत फिरवून बघा. तिकोनी लागली तर तो लव्हाळा, म्हणजे नागरमोथा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हे गवतच नव्हे, आणि सगळ्यांत चिवट तेच. जमिनीखाली त्याच्या गाठी जपमाळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरून ओढले की पाने हातात येतात, गाठी आतच राहतात. त्यात ती माळ तुटली की झोपलेल्या गाठीही जाग्या होतात, एकाचे चार कोंब होतात. लव्हाळ्याच्या जागेवर पॉवर टिलर फिरवणे म्हणजे तो स्वतःच्या हाताने पेरणे.

हराळी सरपटत जाते आणि पेरापेराला मुळे धरते. हिलाच आपण दूर्वा म्हणतो, त्यामुळे चवथीसाठी कुंपणाकडचा एक कोपरा राखून ठेवायला हरकत नाही. फक्त तो लॉनपासून लांब असू द्या.

बुंधा चपटा, पांढरट आणि वर नाचणीसारखी बोटे असलेले कणीस दिसले, तर जमीन दबलेली आहे असे समजा. हे गवत स्कूटर उभी करतात तिथे आणि पायवाटेवर हमखास येते. नुसते उपटून ते परत येणारच. पावसाआधी जमीन ओलवून दाताळ्याने भोके पाडा, वर कुजलेले खत पसरा आणि स्कूटरसाठी चार चिरे घालून वेगळी जागा करा.

एप्रिल-मे: ऊन कामाला लावा

जिथे लावलेले गवत निम्म्याहून कमी उरले आहे, तिथे डागडुजीत वेळ घालवू नका. तेवढा तुकडा पूर्ण मोकळा करा. कुदळीने वीतभर खोल खणा, ढेकळे फोडा, हराळीच्या दोऱ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा. लव्हाळ्याच्या बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीतच असतात. वेचलेला माल खताच्या खड्ड्यात टाकू नका. पत्र्यावर किंवा गच्चीवर कडक उन्हात पसरून पूर्ण वाळवा आणि मगच फेका.

मग जमीन सपाट करून चांगली भिजवा आणि वर पातळ, पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवा. कडा सगळीकडून मातीत गाडा, वाफ बाहेर जाता कामा नये. काळे प्लास्टिक नको, पारदर्शकाखाली माती जास्त तापते. चार ते सहा आठवडे ते हलवू नका. वरच्या थरातले बी आणि हराळीचे तुकडे बरेचसे मरतात. लव्हाळा मात्र याने पूर्ण जात नाही. कोंब प्लास्टिकखाली वाढून करपतात, खोलवरच्या गाठी उरतात. त्यांची सोय पुढे. वळवाचा पाऊस मेमध्येच येतो, त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला प्लास्टिक घातलेले बरे.

माती आणि खत तपासून घ्या

बऱ्याच घरांत लव्हाळा ट्रकमधून येतो. भर घालायला आणलेल्या तांबड्या मातीत गाठी असतात. माती लगेच पसरू नका. थोडी बाजूला काढून दोन-तीन आठवडे पाणी मारा, काय उगवते ते दिसेल. शेणखतही पूर्ण कुजलेलेच घ्या. गाईच्या पोटातून गेलेले गवताचे बी मरतेच असे नाही.

मोकळ्या जागेत पहिल्या पावसासरशी नवे गवत लावा. माडाखालच्या विरळ सावलीत रुंद पानांचे कार्पेट गवत चालते, मेक्सिकनला ऊन लागते. फणसाच्या दाट सावलीत कुठलेच नीट होत नाही, तिथे चिरे घालून मोकळे व्हा. रोपे जवळजवळ लावा, कारण उघडी माती दिसली की तण आलेच. हराळी शेजारच्या भाटातून, म्हणजे माडाच्या बागेतून, येत असेल तर कडेला वीतभर खोल चर खणून त्यात चिरे उभे बसवा.

पावसात बेणणी

हातमोजे आणि गमबूट घाला. ओल्या गवतात हात घालण्याआधी काठीने हलवून घ्या, फुरसे दिसत नाही.

लव्हाळ्याला चार-पाच पाने फुटली की खुरपे तिरके घालून कोंब मातीखालून काढा. दर दोन-तीन आठवड्यांनी हे चुकवू नका. पाने टिकली नाहीत की गाठीतला साठा संपत जातो आणि नव्या गाठी धरत नाहीत. एका पावसाळ्यात फरक दिसतो, दोन-तीन हंगामांत जागा ताब्यात येते. त्याहून लवकर होईल असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

गवत फार खाली कापू नका. कार्पेट दोन इंचांच्या आसपास ठेवले तर त्याच्या सावलीत लव्हाळा दमतो. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उंची काढायची नाही. ग्रासकटरवाला बोलावलात तर यंत्र आधी झाडून घ्यायला सांगा. चार घरांचे बी त्याला चिकटलेले असते.

फवारणीचे काय?

मीठ आणि रॉकेल हे घरगुती उपाय करूच नका. मिठाने माती बिघडते, रॉकेल झिरपून विहिरीपर्यंत जाऊ शकते. ग्लायफोसेट हे तणनाशक तणाबरोबर लॉनचे गवतही मारते. उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल वापरतात, ते गवताला सहसा इजा न करता लव्हाळ्यावर चालते. तरी अंगणात विहीर, गाय किंवा लहान मुले असतील तर मी खुरप्यावरच थांबेन. घ्यायचेच ठरले तर आधी विभागीय कृषी कार्यालयात विचारा, मात्रा पाकिटावरचीच ठेवा आणि पावसाची उघडीप बघून फवारा.

सप्टेंबर-ऑक्टोबर

पाऊस ओसरला की सगळ्यांचे हात सैल पडतात आणि नेमके तेव्हाच गवत बी धरते. नाचणीसारख्या गवताचे एक झाड हजारो बिया टाकते. रस्त्याकडेला उंच वाढणाऱ्या, केसाळ तुऱ्याच्या गवताचे बी वाऱ्याने उडत अंगणात येते. ते आफ्रिकेतून आलेले मिशन गवत. कुंपणाबाहेरचे असले तरी तुरे सुटण्याआधी कापून टाका, आणि तुरे सुटलेले असतील तर आधी पोत्यात घालून मग बुंध्याला कोयता लावा.