परदेशातला लीग सामना बघायचाय? आधी परवानगी, मग वेळ, मग बॅटरी

बार्सिलोना किंवा मिलानसारखा युरोपातला फुटबॉल क्लब आपल्या देशातल्या लीगचा सामना परदेशात खेळणार अशी बातमी आली, की लातूर-परभणीच्या ग्रुपवर लगेच हॉल ठरवायची घाई सुरू होते. थोडं थांबा. असा सामना पक्का व्हायला दोन्ही देशांच्या फुटबॉल संघटना, दोन्ही खंडांचे महासंघ आणि फिफा अशा पाच ठिकाणचा होकार लागतो. विलारियाल-बार्सिलोना हा स्पॅनिश लीगचा सामना २० डिसेंबर २०२५ ला अमेरिकेत मायामीत व्हायचा होता. युएफाने, म्हणजे युरोपच्या महासंघाने, ऑक्टोबरमध्ये नाइलाजाने परवानगी दिली आणि त्याच महिन्यात ला लीगाने, म्हणजे स्पॅनिश लीगने, बेतच रद्द केला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा मिलान-कोमो हा इटालियन लीगचा सामनाही पुढे बारगळला. विलारियालच्या लोकांचा हक्काचा घरचा सामना जाणार होता, त्यामुळे तिथला विरोध रास्तच होता. म्हणून पाचही होकार येईपर्यंत हॉलला आगाऊ रक्कम देऊ नका. स्पॅनिश सुपर कपची गोष्ट वेगळी. तो लीगचा सामना नव्हे, म्हणून २०२० पासून सौदीत जाऊ शकला.

आता वेळ. मायामी आपल्या हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. तिथलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. पर्थ बारमाही अडीच तास पुढे, सौदीतलं जेद्दा बारमाही अडीच तास मागे. जेद्दात रविवारी रात्री १० ला सुरू होणारा सामना आपल्याकडे साडेबाराला, म्हणजे सोमवारी. ग्रुपवर नुसतं ‘सोमवारी रात्री साडेबारा’ टाकलं तर निम्मी मंडळी एक दिवस उशिरा येतात. ‘रविवारी जेवून या, सामना १२:३० ला’ असं लिहा.

रात्री लाइट गेली तर? १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते. जुनी असेल तर हजारच धरा. ४३ इंची टीव्ही १०० वॉट, राउटर १५, दोन पंखे १५०. दोन तासांचे ५३० झाले, निभावतं. कूलर लावला की हिशेब कोलमडतो. राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरच हवा. बहुतेक वेळा तोच विसरतो आणि टीव्ही चालू असूनही चित्र गोठतं. गल्लीतला फायबरचा डबाही बंद पडू शकतो, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी हाताशी ठेवा. आदल्या रात्री मेन स्विच पाडून अर्धा तास सगळं चालवून बघा. घरगुती सबस्क्रिप्शनवर तिकीट लावून सामना दाखवू नका, त्याला वेगळी परवानगी लागते.