विहिरीचं पाणी निर्जंतुक कसं करावं: दोन मुठी टीसीएलने भागत नाही

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की आमच्या विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं होतं. मग कुणीतरी ग्रामपंचायतीतून टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पिशवी आणतं, कठड्याशी उभं राहून दोन मुठी पावडर आत भिरकावतं आणि ‘औषध टाकलं’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. मीही बरीच वर्षं हेच करत होतो. एकदा आरोग्य सेविका ताई आल्या, त्यांनी माझ्यासमोर त्याच विहिरीचं पाणी नळीत घेऊन तपासलं. क्लोरीन शून्य. पावडरीतला चुना तळाला जाऊन बसला होता आणि पाणी होतं तसंच होतं. पावडर किती टाकली हे विचारायचं नसतं, क्लोरीन किती उरला हे बघायचं असतं, हे तेव्हा कळलं.

क्लोरीन खादाड आहे. पाण्यात पडल्याबरोबर तो आधी माती, कुजका पाला, लोह, सांडपाण्यातला अमोनिया यांच्यावर खर्च होतो. या सगळ्यांचं पोट भरून जो शिल्लक राहतो तोच जंतूंच्या वाट्याला येतो. आणि त्यातूनही थोडा उरला तर हंडा घरी नेऊन, त्यात कुणाचा हात बुडून पाणी पुन्हा बिघडलं, तरी सांभाळून घेतो. पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू एवढ्याने मरतात. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे वळल्या. तो जिवाणूही क्लोरीनपुढे फार टिकत नाही. फक्त पाण्यात क्लोरीन असायला हवा.

आधी पाणी मोजा

अंदाजाने पावडर टाकणं हीच पहिली चूक. दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडा आणि वर ओढल्यावर दोरीचा ओला भाग मोजा. तेवढी पाण्याची खोली. गोल विहिरीचा व्यास फुटात घ्या. आता व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 22, म्हणजे झाले लिटर. 10 फूट व्यासाच्या विहिरीत 12 फूट पाणी असेल तर 10 × 10 × 12 × 22, म्हणजे 26,400 लिटर. चौकोनी विहीर किंवा टाकी असेल तर लांबी, रुंदी आणि खोलीच्या गुणाकाराला 28 ने गुणा. कठड्याच्या आतल्या बाजूला रंगाने फूट आखून ठेवले तर दरवेळी दगड सोडायला नको. पावसाळ्यात पाणी रोज चढतं, म्हणून जूनचा हिशोब ऑगस्टमध्ये चालत नाही.

पावडर जिवंत आहे का?

ताज्या टीसीएलमध्ये वजनाच्या सुमारे 33 टक्के क्लोरीन उपलब्ध असतो. हवा, ऊन आणि ओल लागली की तो उडून जातो आणि पिशवीत चुना तेवढा उरतो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. ते प्रमाण प्रयोगशाळेतच कळतं, पण नाक आणि डोळेही बरंच सांगतात. पावडरीचे ओलसर गोळे झाले असतील, पिशवी उघडल्यावर नाकात झणका बसत नसेल, तर ती पावडर फार तर गटाराच्या कडेला टाकण्याच्या कामाची.

पावडर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. लोखंडी डबा चालत नाही, गंज चढतो. आणि संडास धुवायच्या ॲसिडच्या शेजारी तर कधीच ठेवू नका. दोन्ही एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

द्रावण करा, पावडर टाकू नका

स्वच्छ पाण्याच्या 1,000 लिटरला चांगली टीसीएल 2.5 ग्रॅम पुरते. त्यातून लिटरमागे साधारण 0.8 मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, पावडरही जरा जुनी असते, म्हणून 5 ग्रॅमपासून सुरुवात करावी. वरच्या विहिरीला मग सुमारे 130 ग्रॅम. हे फक्त सुरुवातीचं माप. खरं माप तुमची विहीरच सांगेल, ते पुढे येतंच.

प्लॅस्टिकची बादली घ्या, नाकातोंडाला फडकं बांधा, वारा पाठीवर घ्या. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको, म्हणून आपल्या उदाहरणात दोन बादल्या लागतील. आधी थोड्या पाण्यात पावडर कालवून पिठल्यासारखी सरबरीत करा, गुठळी राहू देऊ नका. मग पाऊण बादली पाणी घालून लाकडी काठीने ढवळा आणि दहा मिनिटं हात लावू नका. चुना खाली बसतो, वर निवळ येते. क्लोरीन त्या निवळीत असतो. ती अलगद दुसऱ्या बादलीत ओता. खालचा चुना विहिरीत जाऊ देऊ नका, त्याने पाणी जड होतं आणि डाळ शिजेना म्हणून घरातली माणसं तुमच्या नावाने बोटं मोडतात.

निवळीची बादली दोरीने विहिरीत पाण्याखाली सोडा आणि वरखाली, उजवीडावीकडे हलवत राहा. काठावरून ओतलेलं द्रावण एका कोपऱ्यात पडून राहतं. या कामाला पोहरा फार उपयोगी पडतो: पाच-सहा वेळा भरून उंचावरून परत ओतला की पाणी छान मिसळतं.

वेळ संध्याकाळची धरा, शेवटचा हंडा भरून गेल्यावर. क्लोरीनला जंतूंवर काम करायला निदान एक तास लागतो, रात्रभर मिळाला तर उत्तमच. दिवसा टाकलंत तर उन्हाने क्लोरीन उडतो, आणि तासभर थांबा म्हटलं तरी कुणी थांबत नाही.

उरला का, ते बघा

ही पायरी सगळ्यांत जास्त चुकवली जाते आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच आहे. गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या जलसुरक्षकाकडे क्लोरोस्कोप असतो: एक नळी, ओटीची (ऑर्थोटोलिडीन या रसायनाची) बाटली आणि पिवळ्या छटांची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरा, सांगितलेले थेंब ओटी घाला, हलवा आणि दहा सेकंदांच्या आत रंग बघा. उशीर केला तर अमोनियाला चिकटलेला, कमकुवत क्लोरीनही पिवळा रंग देतो आणि फसगत होते. नळी पांढरी राहिली तर क्लोरीन संपला. फिकट लिंबासारखा पिवळा आला तर ठीक. गडद नारिंगी आला तर जास्त झालं, थोडं थांबून वापरा.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम हवा. विषाणूंची भीती असेल, म्हणजे गावात काविळीचे रुग्ण दिसायला लागले असतील, तर 0.5 हवा. विहिरीत तासाभराने 0.5 दिसलं नाही तर थोडं द्रावण वाढवा, परत एक तास, परत नळी. दोन-तीन संध्याकाळी हे केलं की आपल्या विहिरीला किती लागतं ते हातात बसतं. ते वहीत लिहून ठेवा. शेजारच्या वाडीचं माप आपल्याला लागू पडेलच असं नाही, कारण त्यांच्या विहिरीवर वडाची पानगळ नसेल.

नळयोजना असेल तर टाकीजवळ, मध्ये आणि शेवटच्या घराच्या नळाला तपासा. टाकीशी पिवळं आणि शेवटी पांढरं दिसलं तर वाटेत पाईप फुटून गटाराशी भेट झालीय असं समजा. ओटीचं द्रावण विषारी आहे. तपासलेलं पाणी फेकून द्या, हात धुवा, बाटली मुलांपासून लांब.

क्लोरीनची तपासणी जंतू दाखवत नाही. त्यासाठी एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइड चाचणीची) बाटली मिळते. ती खुणेपर्यंत पाण्याने भरून झाकण लावून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता, आणि मग नमुना प्रयोगशाळेत द्यायचा. पाण्याच्या 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये, असं मानक सांगतं. बाटलीत पाणी क्लोरीन टाकण्याआधीचं भरा, नाहीतर विहिरीची खरी तब्येत कळत नाही.

पूर ओसरल्यावर

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात किंवा 2021 च्या जुलैत चिपळूण-महाडात झालं तसं पुराचं पाणी विहिरीत शिरलं, तर वरचा हिशोब बाजूला ठेवा. आधी शक्य तेवढं पाणी उपसा आणि तरंगणारी घाण काढा. मग जेवढं पाणी राहील किंवा नव्याने भरेल त्याला लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे 33 टक्क्यांच्या टीसीएलचे 1,000 लिटरला 150 ग्रॅम, द्रावण करूनच. रात्रभर विहिरीवर कुणाला फिरकू देऊ नका. सकाळी वास जवळजवळ जाईपर्यंत उपसा, पण ते पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. त्यानंतर रोजचं माप सुरू. गाळ काढायला माणूस आत उतरवायची घाई करू नका. बंद विहिरीत प्राणवायू कमी असतो आणि दरवर्षी त्यात माणसं जातात.

घरातलं पाणी

विहिरीवर कुणी लक्ष देत नसेल तर निदान आपल्या घरापुरतं बघता येतं. गढूळ पाण्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवा, गाळ बसू द्या, वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात घ्या. जुन्या घरांत माठाला आतून निवळीचं बी घासायचे, त्याचंही काम हेच. पण तुरटीने आणि निवळीने पाणी फक्त निवळतं. स्वच्छ दिसलं म्हणून जंतू गेले असं होत नाही.

कापडाने गाळण्याला मी आधी हसायचो. मग 2003 सालचा बांगलादेशातला अभ्यास वाचला. तिथल्या बायकांनी सुती साडीच्या अनेक घड्या करून पाणी गाळलं तर पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने कमी झाले. पटकीचे जंतू पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांना (प्लवकांना) चिकटून राहतात आणि ते कापडात अडकतात. नव्यापेक्षा जुनी, धुऊन धुऊन धागा फुललेली साडी चांगली. आईची नऊवारी फाडा, चार घड्या करा, पण गाळल्यावर उकळाच.

पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट तसंच उकळू द्या. आपल्याकडे कळसूबाईच्या माथ्यावरही, 1,646 मीटरवर, एवढं पुरतं. वीस मिनिटं उकळणं म्हणजे गॅस जाळणं. उकळण्याचा एक मोठा फायदा असा की क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जे परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत तेही मरतात. पण उकळलेल्या पाण्याला राखण नसते. त्याच भांड्यात झाकून थंड करा आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. पेला बुडवला की सगळी मेहनत वाया.

मेडिक्लोरसारखं क्लोरीनचं तयार द्रावण वापरत असाल तर बाटलीवर लिहिलेलेच थेंब घाला आणि अर्धा तास थांबा. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू मरताना प्रयोगशाळेत दिसले आहेत, पण गढूळ पावसाळी पाणी त्याच्या भरवशावर सोडू नये.

सांडपाण्याचं काय?

सांडपाण्यात टीसीएल ओतून काही होत नाही. तिथे क्लोरीनला खायला इतकी घाण असते की पोतं रिकामं केलं तरी काही उरत नाही. शहरातल्या प्रकल्पांत आधी गाळ बसवतात, मग हवा फुंकून जिवाणूंकडूनच घाण खाववतात आणि अगदी शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरणं देतात, ते म्हणूनच. गावात हेच काम मातीकडे द्यायचं. मोरीचं पाणी शोषखड्ड्यात, आणि शौचालय दोन खड्ड्यांचं. एक खड्डा भरला की जंक्शन चेंबरमधून (दोन्ही खड्ड्यांच्या वाटा फुटतात त्या छोट्या हौदातून) वाट दुसऱ्याकडे वळवा आणि भरलेला निदान वर्षभर, जमलं तर दीड-दोन वर्षं बंद ठेवा. जंताची अंडी सगळ्यांत चिवट, त्यांच्यासाठी एवढी वाट बघायची. सेप्टिक टँकमधून बाहेर येणारं पाणी वरवर स्वच्छ दिसलं तरी जंतूंनी भरलेलं असतं. ते उघड्या गटारात सोडलं तर टाकी बांधून उपयोग नाही.

पाणी पिण्याच्या विहिरीपासून हे सगळं निदान 50 फूट लांब हवं. पण आपल्या सह्याद्रीचा कातळ भेगाळलेला, कोकणातला जांभा तर चाळणीसारखा. त्यातून पाणी गाळलं न जाता सरळ वाहतं, म्हणून 50 फूट म्हणजे कमीत कमी. शक्य तर विहीर चढावर आणि खड्डे उतारावर.

गावातल्या पाण्याच्या ठिकाणांची वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरात, तपासणी होऊन लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. ती यायची वाट बघू नका. विहिरीच्या कठड्याला 50 फुटांची दोरी बांधा, दुसरं टोक हातात धरा आणि फेरी मारा. दोरी जिथे जिथे पोहोचते तिथलं वहीत उतरवा: गोठा, उकिरडा, फुटका धक्का, कपडे धुवायचा दगड, तुंबलेलं गटार, शेजाऱ्याचा शोषखड्डा. आमच्या फेरीत सगळ्यांत आधी सापडला तो पोहरा, विहिरीच्या कठड्यावरून काढून कुणीतरी शेणाच्या ढिगाला टेकवून ठेवलेला.